अक्कांची पकड

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी माझ्या सासऱ्यांनी दुधाचा ग्लास पुढे केला आणि मी तो घेतला नाही. आमच्या भांडणाचं मूळ एवढंच. पुढे बरीच वर्षं ते भांडण आम्ही दोघांनी इमानेइतबारे सांभाळलं.

तो ग्लास साधासुधा नव्हता. कोल्हापुरात काही चौकांत अजूनही सकाळ-संध्याकाळ म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळता ग्लास हातात देतात. याला दूध कट्टा म्हणतात. शहरातल्या रिक्षा चालकाशिवाय पळू लागल्या, औषधं ड्रोनमधून गच्चीवर उतरू लागली, पण कट्टा जागचा हलला नाही. त्यातला एक कट्टा माझे सासरे सिद्राम घुगरे यांचा. घराणं गवळ्यांचं, तरुणपणी नाव कमावलं ते कुस्तीत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, आणि दुधावर पोसलेला शेवटचा पैलवान अशी त्यांची ओळख करून देतं.

आणि मी ओजस लिमये, संगमेश्वरचा. आमच्याकडे दूध लागतं ते चहाचा रंग बदलण्यापुरतं. त्यातून मी शिकलो सूक्ष्मजीवशास्त्र. न उकळलेल्या दुधात काय काय पोहत असतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं. म्हणून त्या सकाळी मी अगदी नम्रपणे विचारलं, की हे जरा उकळून मिळेल का. कट्ट्यावर अशी शांतता पसरली की म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवलं. अण्णांनी मला नीट न्याहाळलं आणि काळजीने विचारलं, पाव्हणं आजारी हाईत का. तेव्हापासून त्या पेठेत माझं नाव ‘उकळे पाव्हणं’ पडलं ते पडलंच.

माझी बायको संयोगिता शाळेत गणित शिकवते. तिने या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही. तिच्या मते दोघांचाही हट्ट सारख्याच वजनाचा होता.

अण्णा मात्र स्वतः रोज दोन ग्लास पीत. निदान सगळे तसं म्हणत. धारा काढून झाल्या की ते आपला ग्लास घेऊन घरात जात, देवापुढे बसून पीत, आणि थोड्या वेळाने सासूबाई, म्हणजे अक्का, रिकामा ग्लास विसळून बाहेर आणत. मग अण्णा मिशीवरून हात फिरवत बाहेर यायचे आणि माझ्या चहाच्या कपाकडे दयेने बघायचे.

असंच चाललं असतं, पण अण्णांचे गुडघे गेले. उभ्या आयुष्यात मारलेल्या बैठका आणि घेतलेल्या कुस्त्या एकदम वसुलीला आल्या. धार काढायला म्हशीखाली उकिडवं बसावं लागतं, तेच जमेना. ते एक पाय लांब सोडून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसू लागले. रतन नावाच्या त्यांच्या लाडक्या म्हशीला ते स्टूल अजिबात पसंत पडलं नाही. तिने ते दोनदा लाथाडलं. अण्णा हसले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि आमचं भांडण असूनही मला फार वाईट वाटलं.

गुडघा बदलता आला असता. धातूचे नवे सांधे असे निघाले होते की माणूस खुशाल उकिडवा बसावा. अडचण वेगळीच होती. आपल्या कातडीवर आणि नाकात स्टॅफ नावाचा जंतू राहतो, द्राक्षाच्या घडासारखा गोळा होऊन. एरवी तो गप्प असतो, पण शस्त्रक्रियेत आत शिरला आणि धातूच्या सांध्यावर बसला की हलत नाही. पूर्वी त्याला प्रतिजैविकं मारायची. आमच्या काळापर्यंत त्याने ती एकेक करून पचवली होती. म्हणून तातडीची नसेल ती शस्त्रक्रिया करायला सर्जन तयारच होत नसत. लस येऊ द्या, मग बघू, एवढंच अण्णांना सांगण्यात आलं. आणि ती लस करण्याचं काम ज्या संस्थेत चाललं होतं, तिथे मी नोकरीला होतो. घरात माझ्याकडे कसं पाहिलं जात असेल, याची कल्पना करा.

लस जमत का नव्हती, ते सांगतो. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, अख्खा जंतू ओळखत नाहीत. जंतूच्या पृष्ठभागावर प्रथिनं उगवलेली असतात, त्यांच्या आकाराचा एखादा छोटासा भाग प्रतिपिंड धरतं. कुठे धरतं यावर सगळं अवलंबून. कुस्तीत समोरच्याचा पट काढला, म्हणजे खाली झुकून पायच ओढले, तर तो पडतो. नुसता दंड धरून उभे राहिलात तर राहा उभे. स्टॅफचं एक महत्त्वाचं प्रथिन आहे, जे रक्तातलं लोह ओढून घेतं. त्याच्या बुंध्याशी पकड बसली तर जंतू उपाशी मरतो. पण त्याच प्रथिनाच्या टोकाला एक ठसठशीत गोंडा असतो, आणि तो आधी नजरेत भरतो. तान्हेपणी जंतूशी पहिली गाठ पडते तेव्हा शरीर तो गोंडा धरतं. त्याने जंतूचं काही बिघडत नाही. पण शरीर ती पकड लक्षात ठेवतं, आणि पुढे लस टोचली तरी जुनी आठवणच आधी धावून येते आणि पुन्हा गोंडाच धरते. जगभरच्या लशी याच एका खोडीपुढे हरल्या होत्या.

आम्ही एक यंत्र तयार केलं होतं, बुटांच्या खोक्याएवढं. रक्ताचा थेंब दिला की तुमच्या प्रतिपिंडांनी कोणत्या प्रथिनाला कुठे आणि किती घट्ट धरलंय त्याचं चित्र ते काढायचं; जिथे पकड, तिथे लाल. त्या चित्राला आम्ही ‘ओळखपट’ म्हणायचो. गावोगावी शिबिरं घेऊन आम्ही ओळखपट गोळा केले. सगळीकडे गोंडाच लाल. मग आमच्याच पेठेतलं शिबिर झालं आणि काही लोकांचा बुंधा लालभडक निघाला.

आमच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर सहसा खुर्चीतून उठत नसत, त्या दिवशी उठल्या. त्या लोकांत समान काय, ते शोधायला फार वेळ लागला नाही. सगळे लहानपणापासून अण्णांच्या कट्ट्यावर उभं राहून ताजं दूध पिणारे. जे तेच दूध घरी नेऊन उकळत, त्यांचा गोंडाच लाल होता. मी कट्ट्यावरच्या प्रत्येक म्हशीचं दूध तपासलं. रतनच्या दुधात स्टॅफ सापडला, पण माणसातला नव्हे. म्हशीच्या कासेत राहून राहून बदललेला, आणि त्याच्या प्रथिनाचा गोंडा झडून गेलेला. म्हणजे रतनच्या आया-आज्यांपासून ज्यांनी ते दूध कच्चं प्यायलं, त्यांच्या शरीराची पहिली गाठ या बिनगोंड्याच्या जंतूशी पडली. धरायला गोंडाच नाही, मग बुंधा धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उकळलं की प्रथिनाचा आकारच विसकटतो, म्हणून उकळणारे कोरडे राहिले. आता लशीसाठी फक्त बिनगोंड्याचं प्रथिन प्रयोगशाळेत बनवायचं आणि तेवढंच टोचायचं. जुनी आठवण जागीच होणार नाही. मला नाचावंसं वाटलं.

मुजावर मॅडमनी माझ्यापुढे एक ओळखपट ठेवला. तो माझ्या सासऱ्यांचा होता. गोंडा लाल, बुंधा कोरा.

शिबिरात अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, की जन्मल्यापासून रोज दोन ग्लास, धारोष्ण. मॅडम म्हणाल्या, “कट्ट्यावर सगळ्यांत जास्त दूध पिणारा माणूस रिकामा कसा? आणि कट्ट्यावर उभे राहणारे म्हशींच्या अंगाला हात लावतात, शेणात पाय देतात, तिथली हवा घेतात. हे दुधाने झालं की सहवासाने? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी चाचण्यांची परवानगी मागायला समितीपुढे जाणार नाही.”

त्यांचं बरोबर होतं. समितीने होकार दिला नाही तर बिनगोंड्याची लस कागदावरच राहणार, आणि अण्णा स्टुलावर. एका माणसाच्या रक्तावर काही विज्ञान उभं राहत नाही, पण एका माणसापाशी ते खुशाल अडतं.

मी सगळ्या घराचे ओळखपट पुन्हा चाळले. तेव्हा अक्कांचा हाती लागला. संपूर्ण पेठेत इतकी घट्ट पकड कुणाचीच नव्हती. आणि अक्कांनी शिबिरात सांगितलं होतं, की आपण चवीपुरता अर्धा कप घेतो.

मी संयोगिताला विचारलं, की अण्णांना दूध पिताना तू शेवटचं कधी पाहिलंस. ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. अण्णा ग्लास घेऊन आत जायचे, अक्का तो विसळून आणायच्या. मधलं काही तिने कधीच पाहिलं नव्हतं. तिने गणित सोडवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि मग हसू दाबत बजावलं, की हे अण्णांना विचारायचं असेल तर जपून विचारा, ते कोलमडतील.

मी आधी अक्कांकडे गेलो. त्या भाकरी थापत होत्या. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली. “मी काय बोलनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी इचारा. पर पदर धरून इचारा, गळा धरून नको.”

संध्याकाळच्या धारा झाल्यावर अण्णा गोठ्यात एकटे असतात. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि गोंडा, बुंधा, पकड सगळं समजावून सांगितलं. कुस्तीच्या भाषेत त्यांना ते माझ्यापेक्षा चटकन कळलं. मग मी म्हणालो, की कट्ट्यावर असा एक माणूस हवा आहे जो रोज म्हशींत वावरतो, कासेला हात लावतो, पण दूध पीत नाही. त्याची पकड चुकीची निघाली तर सिद्ध होतं की पकड दुधानेच शिकवली. असा माणूस मिळाला नाही तर लस अडली.

अण्णा बराच वेळ रतनच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

“पाव्हणं,” ते शेवटी म्हणाले, “मला दूध सोसत न्हाई.”

मग सगळं बाहेर आलं. अगदी लहानपणापासून दूध पोटात गेलं की पोटात नुसता गोंधळ. गवळ्याचं पोर आणि दूध सोसत नाही म्हटल्यावर वडिलांनी हसण्यावारी नेलं होतं. पुढे तालमीत घातलं, तिथे तर दुधाशिवाय पैलवान ही कल्पनाच कुणाला करता येईना. आई त्यांच्या वाटणीचं गुपचूप पिऊन टाकायची. लग्नानंतर ते काम अक्कांनी उचललं; त्या याच पेठेतल्या, लहानपणापासून याच कट्ट्यावरचं दूध पिऊन वाढलेल्या. अण्णांचं शरीर घडलं ते भाकरी, मटण आणि बदामांवर.

“आणि जयसिंगपूरचं मैदान?” मी विचारलं. ती कुस्ती पेठेत अजून सांगितली जाते. अण्णांनी दुप्पट वजनाच्या हरियाणाच्या पैलवानाला हात मिळवताच आस्मान दाखवलं होतं.

“त्या दिवशी वस्तादांनी समोर बसवून तांब्याभर दूध पाजलं,” अण्णा म्हणाले. “आखाड्यात उतरलो आनि पोटानं उचल खाल्ली. म्हटलं, ही कुस्ती आत्ता संपली न्हाई तर अब्रू जाती. त्याचा पट कवा काढला ते मलाच कळलं न्हाई. लोकं टाळ्या वाजवत हुती आनि मी पळत हुतो. सगळ्यांस्नी वाटलं, पोरगं लाजलं.”

मी हसलो तर नाही ना, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो. मला आवरेनाच. क्षणभराने त्यांचंही पोट हलायला लागलं, आणि गोठ्यात आम्ही दोघे इतकी वर्षं साठलेलं हसू हसलो. त्या घटकेला मला हा माणूस फार आवडला.

दुसरी बातमी सांगणं मला जड गेलं. रतनच्या कासेत जंतू आहे, वरून काही दिसत नाही पण आहे. कुणाच्या नशिबाने त्याने चांगली पकड शिकवली, पण तोच जंतू अशक्त माणसाला आडवाही करू शकतो. कच्चं दूध थांबवायला हवं. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की रतनला दुखतंय का. नाही, आणि म्हशीतल्या या जंतूवर जुनी औषधं अजून लागू पडतात, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, की उद्या सकाळी कट्ट्यावर मीच सांगतो. दुधाचं सांगतो. माझ्या पोटाचं मात्र घरात आणि त्या मॅडमपाशीच राहू दे. मी कबूल केलं. समितीला नुसता क्रमांक पुरेसा होता.

सकाळी कट्टा नेहमीसारखा भरला. अण्णांनी काठी टेकून सांगितलं, की रतनला औषध चालू होतंय, ती बरी होऊन तपासणी होईपर्यंत इथे कच्चं दूध मिळणार नाही, पाहिजे तर उकळून देतो. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. हा सगळा कारभार उकळ्या पाव्हण्यांचा, हे त्यांनी मनोमन ठरवून टाकलं. जुने गिऱ्हाईक बाळासाहेब तहसीलदार पुढे आले, ग्लास पुढे धरला आणि म्हणाले, “अण्णा, तुम्ही रोज दोन ग्लास पिताय, तुम्हाला काय धाड भरली? द्या इकडं.” त्यांच्यामागे आणखी ग्लास पुढे झाले. ज्यांच्या दुधावर भरवसा ठेवायचा तो माणूस समोर ठणठणीत उभा असताना माझ्या यंत्राचं कोण ऐकणार?

अण्णांनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांची अब्रू राहिली असती आणि लोकांनी रतनचं दूध प्यायलं असतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दारात उभ्या असलेल्या अक्कांकडे बघत होते. अक्कांनी मान हलवली की नाही, ते मला दिसलं नाही.

“मी पीत न्हाई,” अण्णा म्हणाले. “कवाच पीत नव्हतो. मला सोसत न्हाई.”

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची तीच शांतता पुन्हा पसरली. मग बाळासाहेबांनी, जणू सगळ्या कोल्हापूरच्या वतीने, दबक्या आवाजात विचारलं, “आणि जयसिंगपूर?”

अण्णांनी तेही सांगितलं. पळण्यापर्यंत आले तेव्हा कट्ट्यावर माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होती आणि म्हशी बावरून दावं ओढत होत्या. ज्याची त्यांना आयुष्यभर धास्ती होती ते असं हसण्यावर निभावलं. बाळासाहेबांनी डोळे पुसले, ग्लास खाली ठेवला आणि उकळूनच आणा म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात मुजावर मॅडम समितीपुढे गेल्या. दुधात हात घालणारा पण दूध न पिणारा एक, आणि दोघांच्या वाटणीचं पिणारी एक. दोन्ही ओळखपट शेजारी ठेवल्यावर फार बोलावं लागलं नाही. बुंध्यावर नेमकं कुठे धरायचं, हे ठरवायला आम्ही अक्कांचीच प्रतिपिंडं वापरली, कारण त्यांच्याएवढं अचूक कुणी धरत नव्हतं. प्रयोगशाळेत त्या जागेला सगळे ‘अक्कांची पकड’ म्हणू लागले. मॅडमनीसुद्धा समितीपुढे एकदा चुकून तेच नाव घेतलं. कुणी कच्चं दूध पिऊन लशीचं काम भागवू नये, हे मात्र मी प्रत्येक भाषणात सांगतो. दुधात धडाही होता आणि जंतूही. लशीत नुसता धडा आहे.

पुढची दोन-अडीच वर्षं चाचण्यांत गेली. लस सगळ्यांसाठी खुली झाली तेव्हा अण्णांनी ती घेतली आणि काही महिन्यांनी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जखम स्वच्छ भरली. त्यानंतर दुसरा गुडघा झाला.

परवा सकाळी मी कट्ट्यावर गेलो, तर स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं आणि अण्णा रतनखाली उकिडवे बसले होते. हल्ली धार काढण्याआधी कासेला एक पट्टी लावून दूध तपासतात. पट्टी हिरवी आली, धार चरवीत वाजू लागली. गिऱ्हाइकांचे ग्लास भरून झाल्यावर अण्णांनी कोपऱ्यावरच्या टपरीला हाक दिली, “दोन कोरे चहा. एक पाव्हण्यांस्नी, एक मला.”

चहा पिता पिता मी त्यांना त्यांचा नवा ओळखपट दाखवला. बुंधा लालभडक. शेजारी मी अक्कांचा जुना ठेवला. रेषेला रेष जुळत होती. अण्णांनी दोन्ही चित्रं उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली.

“अक्का,” त्यांनी दाराकडे वळून हाक मारली. ते बायकोला नावाने हाक मारत नसत, सगळ्यांसारखेच अक्का म्हणत. “तू प्यालेलं दूध माझ्या अंगी लागलं बग.”

अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. डोळ्यांना पदर लावायच्या आधी त्यांनी आमच्या दोघांच्या रिकाम्या कपांकडे पाहिलं.

“मग आता निदान कप तरी आपले आपन विसळा,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी दोन्ही कप उचलले आणि कशाचाही आधार न घेता उठून नळाकडे गेले.